टेकाडावरचा टीव्ही

आमच्या वस्तीत आधी टीव्ही आला आणि त्याच्यामागून वीज आली. नातवंडांना हे सांगितलं की ती हसतात, आजी काहीतरी उलटंसुलटं बोलते म्हणतात. पण घडलं ते असंच. ओढ्याच्या पलीकडं गावात विजेचे खांब येऊन बरेच दिवस झाले होते. चावडीवर दिवा होता, मारुतीच्या देवळात दिवा होता, सरपंचांच्या पडवीत तर पंखासुद्धा फिरायचा. खांबांची रांग मात्र ओढ्यापर्यंत येऊन थांबलेली. ओढ्याच्या अलीकडं मुरमाड टेकाडावर आमची बौद्धवस्ती. तिथं घरोघरी रॉकेलच्या चिमण्या आणि समाजमंदिरात एक कंदील. संध्याकाळी आम्ही मुली दारात भांडी घासायला बसलो की खालचे दिवे एकेक करून लागताना दिसायचे. त्याचं फार वाईट वाटायचं असं नाही. जे कधी आपलं नव्हतंच, त्याचं माणूस काय वाईट वाटून घेणार?

मार्गासनीवरून वेल्ह्याकडं जाताना एक फाटा फुटतो, तिथून आत चालत गेलं की आमचं गाव. भोवताली डोंगर, मधे भातखाचरं. गाव बशीच्या तळाशी बसल्यासारखं, आणि आमचं टेकाड त्या बशीच्या काठावर. ह्या काठामुळंच पुढचं सगळं झालं.

घरात आम्ही तिघं. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून पेन्शनीवर आलेले. गावात त्यांना ‘मेजर’ म्हणत, थोडं मानानं, थोडं थट्टेनं. पलटणीत आबांनी बंदुकीपेक्षा झारा जास्त चालवला होता, कारण ते लंगरात स्वयंपाकी होते. त्यामुळं आमच्या घरात चूल बऱ्याचदा आबांच्या हाती असायची. वस्तीतल्या बायका त्यावरून आईला चिडवत. आई म्हणायची, “माझ्या हाताला आराम मिळतुया, तुमाला का जळतंय?” आबांची डाळ मला अजून आठवते. शेवटी पळीत तेल तापवून त्यात अख्ख्या लाल मिरच्या आणि ठेचलेला लसूण टाकायचे, आणि ती पळी डाळीत बुडाली की असा चर्र आवाज व्हायचा की शेजारचं कुत्रं उठून बसायचं. सोबत नाचणीची भाकरी, नाहीतर आंबेमोहोराचा भात. भात आमच्या शेतातला नाही, आई ज्यांच्या खाचरात लावणीला जायची त्यांच्याकडून मिळालेला. मी आता पुण्यात भारी दुकानातून आंबेमोहोर आणते. शिजतो चांगला, पण वास दारापर्यंत येत नाही.

आई सोनाबाई. अंगानं बारीक, बोलायला तोडून टाकणारी आणि गळ्यानं अशी की लावणीच्या दिवसांत खाचराच्या ह्या बांधावर तिनं ओवी धरली की त्या बांधावरच्या बायका ती उचलायच्या. सरपंचांची आई, अनसाआक्का, म्हातारपणीसुद्धा बांधावर येऊन बसायच्या आणि ओरडायच्या, “सोने, गप का झालीस गं? तू गप झालीस की बायकांचे हात गप व्हत्यात.” आई चिखलात, आक्का बांधावर. एवढ्या अंतरावरून त्या दोघींचं फार चांगलं जमायचं.

सिंहगडावर टीव्हीचा मनोरा उभा राहिल्याचं आम्ही ऐकलं होतं. मुंबईचे कार्यक्रम आता आपल्याकडं दिसणार, म्हणजे नेमकं काय होणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मग एक दिवस ग्रामसेवक सायकलवरून आले आणि म्हणाले, की सरकार काही गावांना एकेक टीव्ही देतंय. शेतकऱ्यांना शेती शिकवायला, बायकांना आरोग्य शिकवायला, शाळेतल्या पोरांना विज्ञान शिकवायला. त्यात आपल्या गावाचा नंबर लागलाय. चावडीपुढं बैठक झाली. आबा मला बरोबर घेऊन गेले. त्या वर्षी मी मॅट्रिकला होते, रोज एस्टीनं वेल्ह्याच्या शाळेत जात होते, आणि वस्तीतली एवढी शिकलेली मुलगी म्हणून आबांना माझा अभिमान होता. टीव्ही मारुतीच्या सभामंडपात ठेवायचा असं सरपंचांनी आधीच ठरवलं होतं. सरपंच म्हणजे सर्जेराव तात्या. मोठा वाईट माणूस नव्हता. विहिरीला पाणी कमी पडलं की टँकरसाठी तालुक्याला हेलपाटे घालायचा, कुणाचं बाळंतपण अडलं तर स्वतःची बैलगाडी जुंपून द्यायचा. पण काही गोष्टी त्याला दिसायच्याच नाहीत.

आबा उठून म्हणाले, “तात्या, सभामंडपात ठेवा, पर आमी कुठं बसायचं?”

“कुठं म्हंजी? पायरीला बसा की. पायरीवरनं झाक दिसंल.”

“पावसात?”

तात्या हसले. “पावसात छत्री घ्या, मेजर.” सगळे हसले. आबाही हसले, आणि त्यांचं ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

टीव्ही आला तो एका टेम्पोतून. लाकडी पेटी, पुढं सरकणारी दारं, दारांना कुलूप. बरोबर पुण्याचा एक तरुण मेकॅनिक, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात रुमाल. सभामंडपात टेबलावर पेटी ठेवली, देवळाच्या कळसाशेजारी पाइप उभा करून त्यावर माशाच्या काट्यासारखा अँटेना चढवला. सगळं गाव गोळा झालं. आम्ही पायरीच्या खाली उभे. मेकॅनिकनं बटण दाबलं. बराच वेळ काहीच नाही, मग पांढऱ्या मुंग्या. नुसत्या मुंग्या, आणि कढईत काहीतरी तळल्यासारखा आवाज. त्यानं अँटेना इकडं फिरवला, तिकडं फिरवला. मुंग्याच. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “ह्याच्यावरनं शेती शिकायची व्हय?”

मग अँटेनाचा पाइप आणि पेटी बैलगाडीत घालून वरात निघाली. चावडीपाशी मुंग्या. शाळेपाशी मुंग्या, पण मधूनच एक माणसाचं डोकं दिसून गेलं. मेकॅनिकचा रुमाल घामानं भिजला. मधे डोंगर आडवा येतोय, मनोरा दिसेल अशी उंच जागा पाहिजे, असं काहीतरी तो सांगत होता. सांगता सांगता त्यानं वर बघितलं आणि विचारलं, “ते टेकाड कसलं आहे?”

गावातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मग आबा म्हणाले, “आमची वस्ती हाय ती.”

“मग चला की तिकडं!”

त्या पोराला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. ओढ्याजवळच्या शेवटच्या खांबावरून त्यानं लांबलचक वायर ओढली, समाजमंदिराच्या पत्र्यावर स्वतः चढला आणि पाइप बांधला. आमच्या टेकाडावरून खिंडीतून सिंहगडाचा माथा दिसतो, आम्हाला रोज दिसायचा, त्यात विशेष ते काय असं आम्हाला वाटायचं. समाजमंदिर म्हणजे एक खोली. मातीच्या भिंती, वर पत्रे, समोर बुद्धाची छोटी मूर्ती, शेजारी निळ्या कोटातली ती तसबीर. मूर्तीच्या बाजूला टेबल मांडून पेटी ठेवली. बटण दाबलं. आणि एक बाई दिसली. लख्ख. कपाळावरच्या कुंकवाच्या टिकलीपासून ब्लाउजच्या बटणापर्यंत सगळी स्वच्छ, आणि ती आमच्याकडं बघून बोलत होती.

मेकॅनिक दारातून ओरडला, “आलं! आलं! इथं फर्स्टक्लास येतंय, या सगळे!”

ओढ्यापलीकडं गाव उभं होतं. एकही माणूस हलला नाही. तो पुन्हा ओरडला, “अहो, या ना!” मग ग्रामसेवकांनी त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. त्यानं गळ्यातला रुमाल काढला, घडी घातली, परत उलगडली.

पेटी पुण्याला परत न्या, असं तात्या एकदा म्हणाले. पण परत गेली तर ती दुसऱ्या गावाला मिळेल, आणि ते गाव आपल्याला हसेल, हेही त्यांच्या लक्षात आलं. “तूर्त ऱ्हाऊ द्या वर,” ते म्हणाले, “अँटेनासाठी उंच खांबाचं बघू, मग खाली आणू.” सरकारी यंत्र उसन्या वायरवर चालवता येत नाही म्हणून महिन्याभरात ओढ्याच्या अलीकडं खांब आले. समाजमंदिरात दिवा लागला, आणि खांब आलेच आहेत तर म्हणून वस्तीतल्या घरांतही लागला. कुलपाची किल्ली आबांकडं आली, कारण पलटणीतल्या माणसाला यंत्रं कळतात असा ग्रामसेवकांचा समज होता. आबांनी तो मोडला नाही.

रोज संध्याकाळी आधी वंदना, मग टीव्ही. धूळ जाऊ नये म्हणून आईनं पेटीसाठी गोधडी शिवली होती. ती काढायची, दारं सरकवायची, बटण दाबायचं आणि थांबायचं. पेटी तापायला वेळ घ्यायची. तापली की वस्तीतली मांजर तिच्यावर चढून बसायची आणि बातम्या संपेपर्यंत तिथंच झोपायची, तिची शेपटी मधूनमधून बातम्या सांगणाऱ्याच्या कपाळावर. शेतकऱ्यांचा कार्यक्रम असायचा, त्यात तुडतुडे आणि करपा आणि कंपोस्ट खताचे खड्डे. आमच्या वस्तीत जमीन दोघातिघांचीच, तीही वरकस, डोंगरउताराची. तरी सगळे मन लावून बघायचे. एकदा पावट्याचं बी मातीतून उगवताना दाखवलं. कित्येक दिवसांचं उगवणं डोळ्यांदेखत मिनिटात झालं. मान वाकवलेला कोंब, मग मान ताठ, मग दोन पानं हात जोडून सोडल्यासारखी. आबा पुढं सरकत सरकत अगदी पेटीजवळ गेले. जन्मभर पावटा शिजवलेला माणूस, म्हणाले, “एवढी धडपड करतंय व्हय हे?”

शाळेच्या गुरुजींनी एकदा दुपारच्या विज्ञानाच्या पाठाला सगळ्या मुलांना रांगेनं वर आणलं. सगळ्या, म्हणजे गावातल्यासुद्धा. मुलं दाटीवाटीनं बसली, कोण कुणाला खेटतंय हे कुणी बघितलं नाही. दुसऱ्या आठवड्यात गुरुजी एकटेच आले आणि आबांना म्हणाले, “पालकांचं म्हणणं पडलंय.” एवढंच. पण मुलांनी जे बघितलं ते घरोघरी सांगितलंच होतं. त्यानंतर संध्याकाळी गावातले काही बाप्ये ओढा ओलांडून समाजमंदिरासमोरच्या जांभळीपर्यंत यायला लागले. जांभळीखाली उभं राहून, मान उंच करून दारातून आत काही दिसतंय का बघायचे.

हे बघून आबांनी एक दिवस टेबल फिरवलं. पेटीचं तोंड दाराकडं केलं, आम्हाला भिंतीला सरकून तिरकं बसायला लागलं. आई शेतातून उशिरा आली, तिनं दारातूनच विचारलं, “ही कुनी फिरवली?”

“म्या,” आबा म्हणाले. “ती मानसं उभी ऱ्हात्यात. सरकारनं गावाला दिलाय, एकट्या वस्तीला न्हाई.”

“मग गावानं आत यावं. दार काय लावून घेतलंय का आपन?”

“न्हाई येत ती, तुला ठावं हाय.”

“न्हाई येत तर न्हाई. त्यास्नी आपल्याकडं यायला नगं, आन आपन त्यांच्याकडं तोंड करून द्यायचं? आपल्याच मंदिरात आपन कोपऱ्यात?”

वस्ती दोन्हीकडून बोलायला लागली. कुणी म्हणालं, मेजरचं बरोबर आहे, चांगुलपणा आपल्याकडं असू द्यावा. कुणी म्हणालं, सोनाबाईचं बरोबर आहे. मी आईच्या बाजूची होते, रक्त सळसळत होतं. आज मला आबांचंही कळतं. त्यांनी आयुष्यभर माणसांना वाढलं होतं, आणि दारात कुणी उभं राहिलेलं त्यांना बघवत नसे. पण त्या दिवशी आईनं पदर खोचला, टेबलाला हात घातला आणि एकटीनं पेटी पुन्हा आमच्याकडं वळवली. मांजर उडी मारून पळाली. जांभळीखालची माणसं थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली.

त्यानंतर तात्यांनी मनावर घेतलं. उंच लोखंडी खांबाची तालुक्याला बोलणी केली. तालुक्याचे साहेब येऊन पाहणी करणार, गावातले लोक टीव्ही बघतात का विचारणार, आणि बघत नसतील तर पेटी खाली हलवणार, असं ग्रामसेवकांनी आबांना सांगून ठेवलं. पेटी गेली तर दिवेही जातील अशी भीती वस्तीत पसरली. कुणी सांगितलं नव्हतं तसं. पण दिव्याची सवय लागायला वेळ लागत नाही आणि भीतीची तर असतेच.

अशात मुंबईहून टीव्हीची माणसं बायकांच्या कार्यक्रमासाठी जात्यावरच्या ओव्या टिपायला आली. वेल्ह्याकडं गावोगाव फिरत होती. आमच्या गावात ती सरपंचांच्याच घरी उतरणार हे उघड होतं, आणि अनसाआक्कांच्या ओव्या टिपल्या जाणार हेही. तात्यांनी पडवी शेणानं सारवून घेतली. आक्कांनी चांगलं नऊवारी लुगडं नेसलं. कॅमेरा घेतलेला माणूस पुढं मागं होत होता, केस कापलेली एक बाई आक्कांना सांगत होती की आजी, कॅमेऱ्याकडं बघायचं नाही. आम्ही हे सगळं कुंपणाच्या बाहेरून बघितलं. आक्कांनी डोळे मिटले, जात्याचा खुंटा धरला आणि त्या गायल्या. गाऊन झाल्यावर बाईंनी सांगितलं, पुढच्या मंगळवारी संध्याकाळी दाखवू, नक्की बघा.

बाई गेल्या, आणि मग सरपंचांच्या घरात प्रश्न पडला. बघायचं कुठं?

तात्यांचा साडू पुण्यात होता, त्याच्याकडं टीव्ही होता. मंगळवारी सकाळच्या एस्टीनं आक्कांना पुण्याला न्यायचं असं तात्यांनी ठरवलं. आक्का म्हणाल्या, “मला एस्टी लागती. मागं गेले तवा सगळ्या वाटंनं वकत गेले.” तात्या म्हणाले, जीप बघतो. आक्का म्हणाल्या, “जीपपन लागती.” हे सगळं त्यांच्या सुनेनं पाणवठ्यावर सांगितलं, म्हणून आम्हाला कळलं. सून हसत होती, पण हे प्रकरण कुठवर जाईल ते तिलाही माहीत नव्हतं.

मंगळवारी मी शाळेतून येऊन समाजमंदिर झाडलं. आई लवकर आली होती. तिनं जाजम अंथरलं. कोण येणार म्हणून अंथरलं हे ती बोलली नाही. वंदना झाली, आबांनी पेटीवरची गोधडी काढली. दारातून मला ओढा दिसत होता, ऊन अजून पाण्यावर होतं. आणि काठी टेकत, एकेक दगड चाचपत आक्का ओढा ओलांडताना दिसल्या. त्यांच्या मागं बरंच अंतर ठेवून त्यांची सून, आणि सुनेच्या मागं गावातल्या बायका, जरा थांबत, जरा चालत, कुणी ओरडलं तर परत फिरता यावं अशा. टेकाडाचा चढ आक्कांना जड गेला. मी पुढं व्हायला लागले तर आईनं माझा हात धरला. “येऊ दे तिची ती,” ती म्हणाली.

आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या, धापा टाकत. आतले सगळे उठून उभे राहिले होते. आई पुढं झाली.

“या आक्का. आत या.”

आक्कांनी एकदा आत बघितलं. मूर्तीकडं बघितलं, हात जोडायचे की नाही ते ठरेना, मग जोडले. “माजं त्वांड दावनार हायती न्हवं आज?” त्या म्हणाल्या. “कुठं बसू?”

“हितं. माज्याशेजारी.”

आणि त्या उंबरा ओलांडून आल्या आणि आईच्या शेजारी जाजमावर बसल्या. मग सून आली. मग बाकीच्या. एकदा एक आत आली की दुसरीला कारण लागत नाही. खोली भरली, आमच्या बायकांनी पोरं मांडीवर घेतली, तरी जागा पुरेना. बाप्ये मात्र जांभळीखालीच.

बायकांचा कार्यक्रम सुरू झाला. आधी कुणी डॉक्टरबाई बाळाच्या खाण्याबद्दल बोलल्या. मग एकदम डोंगर दिसला, आमचाच डोंगर, आणि सगळी खोली ओरडली. मग पडवी. मग आक्का. जातं फिरतंय, डोळे मिटलेले, आणि गळा असा मोकळा की पेटी थरथरत होती.

जात्याच्या पाळूवरी माझा दळनाचा हात गं
पल्याडल्या डोंगरात माझ्या भावाची वाट गं

आक्का पेटीकडं बघतच राहिल्या. हलणारा, गाणारा स्वतःचा चेहरा त्यांनी कधीच बघितला नव्हता. हळूच म्हणाल्या, “एवढी म्हातारी झाले व्हय मी?” आईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पडद्यावरच्या आक्कांनी दुसरी ओवी उचलली, अर्धी झाली, आणि तिच्यावर त्या केस कापलेल्या बाईंचा आवाज आला. ओवी म्हणजे आपल्या संस्कृतीचा कसा ठेवा आहे, ते त्या सांगायला लागल्या. आक्कांचे ओठ हलत होते पण ऐकू बाईच येत होत्या. मग आक्काही गेल्या आणि शिवणकाम सुरू झालं.

“आगं, मधीच काय ही?” आक्का ताडकन म्हणाल्या. “पुरी करू दे की माजी ओवी! अर्धी ऱ्हायली!”

कुणीतरी हसलं. आक्का हसल्या नाहीत. त्यांना खरंच लागलं होतं. इतका चढ चढून आल्या होत्या, इतक्या जणांचं ऐकून घेऊन, आणि अर्धीच ओवी. आबांनी उठून पेटीचा आवाज बारीक केला. आणि आईनं, पेटीकडं न बघता, समोर बघत, ती अर्धी राहिलेली ओवी जिथं तुटली तिथून धरली. खाचरात धरायची तशी. आक्कांनी एक क्षण तिच्याकडं बघितलं आणि तिच्या आवाजात आपला आवाज घातला. दोघी शेजारी बसून गायल्या. चिखल नाही, बांध नाही. मग सून, मग आमच्या बायका, मग गावातल्या. पेटीवर कुणीतरी बाई मुकाट्यानं काज करत होती, तिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

दारात अंधारल्यासारखं झालं म्हणून मी बघितलं तर तात्या उभे. आक्कांना न्यायला आले होते. चेहरा रागानं लाल. “आई, ऊठ. चल घरी.”

आक्कांनी ओवी पुरी केली, मगच बोलल्या. “सर्जा, आत ये न्हाईतर घरी जा. दारात उजेड आडवून उभा ऱ्हाऊ नगंस.”

तात्या आत आले नाहीत, पण गेलेही नाहीत. बाजूला सरकून भिंतीला टेकून उभे राहिले, कार्यक्रम संपून आक्का बाहेर येईपर्यंत.

पुढच्या मंगळवारी बायका पुन्हा आल्या. त्यानंतर येतच राहिल्या. तालुक्याचे साहेब आले तेव्हा त्यांनी तात्यांना विचारलं, की खांब टाकायचा का, पेटी खाली न्यायची का. तात्या पायातल्या वहाणेनं माती उकरत म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. वर चित्र बरं दिसतंय.” कारण म्हणून त्यांनी चित्र पुढं केलं, माणसांबद्दल एक शब्द काढला नाही. तरी पेटी राहिली. आणि भातावरच्या करप्याचा कार्यक्रम होता त्या संध्याकाळी, त्यांच्या खाचरात करपा पडलेला असल्यामुळं असेल, तात्या वहाणा काढून आत आले आणि मागच्या भिंतीशी बसले. शेजारी आक्का. आबांचा आनंद काय सांगू! धावत घरी गेले, गुळाचा चहा करून आणला, कप ह्या दोघांपुढं ठेवले.

कार्यक्रम संपला. तात्या औषधाचं नाव घोकत उठले. आक्का म्हणाल्या, “आज उपास हाय गं सोने.” गुळाच्या चहाला कसला उपास? दोन्ही कप तसेच भरलेले, वर साय धरलेली.

मी ते उचलून ओतायला निघाले. “ओतू नगंस,” आई म्हणाली, “गूळ घातलाय त्यात.” तिनं एक कप माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला, आणि आम्ही मायलेकी समाजमंदिराच्या पायरीवर बसून तो गार चहा प्यायलो. आबा आत पेटीवर गोधडी घालत होते, त्यांनी बघूनही न बघितल्यासारखं केलं.

“ओवी चालती आपली,” मी म्हणाले, “मंदिर चालतंय, जाजम चालतंय. चहा तेवढा चालत न्हाई. तुला राग येत न्हाई?”

आईनं रिकामा कप पायरीवर ठेवला. खाली गावात दिवे लागले होते, आमच्या मागंही लागले होते.

“आक्काला हितपतूर यायला सत्तर वर्सं लागली,” ती म्हणाली. “चहा घ्यायला आनखी लागतील, तेवढी तिच्याजवळ न्हाईत. मला ठावं हाय ते. मला तिची माया बी हाय. माजं आता असंच जायाचं, अर्ध्यावर राजी व्हऊन.” मग तिनं माझ्याकडं वळून बघितलं. त्या दिवसांत माझ्यासाठी भोंगवलीहून एक स्थळ आलेलं होतं. मुलगा चांगला होता, जमीन होती, मामा रोज निरोप धाडत होता. “तू अर्ध्यावर राजी व्हऊ नगंस. मामाला म्या उद्या न्हाई म्हनून सांगते. आबाला बी सांगते. तू भोरला कालेजात जा, शीक.”

मामा वर्षभर आमच्याकडं आला नाही. जूनअखेरीस मी पत्र्याची पेटी घेऊन फाट्यावर उभी राहिले तेव्हा आई भातलावणीला गेली होती, निरोप द्यायला एकटे आबाच होते. एस्टी सुटली, खाचरं मागं पडायला लागली, आणि खिडकीतून कुठल्यातरी बांधापलीकडून तिचा आवाज आला. बायका मागं उचलत होत्या. ती दिसली नाही, पण ओवी पुरी होईपर्यंत मला ऐकू येत राहिली.